ताट, हॉटेल आणि वजनकाटा : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटली. वजन उतरवणे जमले, पण ते उतरलेल्या जागी ठेवताना घरच्या जेवणाची चव गेली आणि बाहेर जेवायला बसले की चोरी केल्यासारखे वाटू लागले. म्हणून या अंकात वजन झटपट उतरवण्याबद्दलची पत्रे बाजूला ठेवून केवळ ही पत्रे घेतली आहेत. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, एवढे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. गेल्या वर्षी आहार सांभाळून आणि रोज चालून मी ७६ किलोंवरून ६७ किलोंवर आले. आठ महिने हे वजन टिकून आहे, पण आता घरात कुरबुर सुरू झाली आहे. सासूबाई म्हणतात, आमटीला चव नाही. मुलगा विचारतो, हे घर आहे की दवाखाना? मला स्वतःला स्वयंपाकाची मनापासून आवड आहे. भरली वांगी, अळूवडी, पुरणपोळी हे सारे जन्मभर सोडावे लागणार असेल, तर हे वजन किती दिवस टिकेल याची मलाच शंका वाटते. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती वेळेवर आली आहे. वजन उतरत असते त्या काळात माणूस उत्साहाच्या भरात बेचव जेवणही निभावून नेतो. ते टिकवण्याच्या काळात तो उत्साह ओसरलेला असतो, कारण काट्यावरचा आकडा आता जागचा हलत नाही आणि कोणी कौतुकही करत नाही. त्यातच शरीर तुमच्या बाजूने नसते. नऊ किलोंनी हलक्या झालेल्या देहाला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरते, भूक मात्र वाढलेली असते. अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराची रोजची गरज वीस ते तीस कॅलरींनी घटते, तर भूक सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. संध्याकाळी सहा वाजता तुम्हाला फरसाणाच्या डब्याची आठवण होत असेल, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे, हे आधी स्वतःला सांगा आणि जमल्यास सासूबाईंनाही सांगा.

आता चवीकडे वळू. आपल्या स्वयंपाकात चव आणि तेल यांची गाठ आपण समजतो तितकी पक्की नाही. गोड्या मसाल्याचा वास, चिंच-गुळाची आंबटगोड चव, लसणीचा झणका, ओल्या मिरचीचा ठेचा, भाजलेल्या तिळाचा खमंगपणा यांपैकी कशालाही पळीभर तेल लागत नाही. तेल लागते ते फोडणीला, आणि तिथेच एक युक्ती आहे. आपण पातेल्यात भरपूर तेल घेऊन आधी फोडणी करतो, तिच्यात भाजी टाकतो आणि मग वीस मिनिटे ती शिजवतो, त्यामुळे फोडणीचा अर्धा सुवास वाफेबरोबर निघून जातो. त्याऐवजी भाजी किंवा आमटी आधी वाफेवर, झाकणात पाणी ठेवून शिजवून घ्यावी आणि शेवटी लहान कढल्यात दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची घातलेली चुरचुरीत फोडणी वरून ओतून लगेच झाकण ठेवावे. ज्या घरात पूर्वी पाच-सहा चमचे तेल जात असे तिथे दोन चमच्यांत काम होते आणि ताटात वाढताना वास अधिक येतो. सासूबाईंची तक्रार बहुधा मिठा-तेलापेक्षा या वासाचीच असावी. तुम्ही तेल कमी करताना फोडणीही अर्धी केली असेल, तर ती चूक आधी सुधारा. मोहरी-हिंगाला कॅलरींचा हिशेब लावण्याचे काही कारण नाही.

तेलाचा हिशेब रोज ठेवण्यापेक्षा महिन्याचा ठेवणे सोपे जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांमध्ये दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच्या आसपास प्रमाण धरले आहे. चार माणसांच्या घरात तीस दिवसांचे हे सव्वातीन किलो होतात, म्हणजे तूप धरून साधारण साडेतीन लिटर. तुमची स्वतःची गरज दोन हजारांहून कमीच असेल, तेव्हा हा आकडा वरची मर्यादा समजा. गेल्या तीन महिन्यांत वाण्याकडून तेलाच्या किती पिशव्या आल्या आणि तूप किती कढवले, एवढे आठवून पाहा. पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांना रोजच्या जेवणात काही विशेष नसते असे वाटते आणि महिन्याच्या यादीत मात्र पाच लिटरचा डबा असतो. माणशी रोज दोन चमचे तेल जास्त गेले तर सुमारे ऐंशी कॅलरी वाढतात. वर्षभराच्या बेरजेला एका किलो चरबीच्या ७,७०० कॅलरींनी भागले तर कागदावर साडेतीन-पावणेचार किलो येतात. शरीर इतके सरळ गणित करत नाही आणि प्रत्यक्षात वाढ याहून कमी होते, तरी ती कोणत्या दिशेने होते हे यातून कळते.

तुम्ही नावे घेतलेल्या पदार्थांबद्दल सांगायचे तर अळूवडीवर काट मारण्याची गरज मला कधीच वाटली नाही. उंडे उकडून झाले की पदार्थ तयारच असतो. तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस केले किंवा वरून तीळ-मोहरीची फोडणी घातली तरी ती अळूवडीच राहते. कोथिंबीरवडीचेही तसेच. भरल्या वांग्यांत घोटाळा तेलाइतकाच दाण्याच्या कुटाचा आणि सुक्या खोबऱ्याचा असतो. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, त्यामुळे मूठभर कूट म्हणजे दीड पोळीच्या बरोबरीचे झाले. कूट निम्मे करून त्या जागी भाजलेल्या कांद्याचे वाटण घाला. मात्र तिळकूट, जवसाची चटणी, कारळाची चटणी यांना ताटाबाहेर काढू नका, कारण चमचाभर चटणीने साध्या भाकरीचे जेवण होते. थालिपिठाला भोके पाडून आपण प्रत्येक भोकात तेल सोडतो. तिथे चमचा हातात घ्या, बुधली नको.

ताटाची मांडणी मात्र थोडी बदलावी लागेल. आपल्याकडे चार पोळ्यांना लावून खाण्यापुरती भाजी वाढण्याची पद्धत आहे. उसळ आणि भाजी वाटी-वाटीभर, कोशिंबीर मुठीएवढी, आणि पोळ्या दोन किंवा भाकरी एक असे ताट भरा. मटकी, मूग, चवळी, वाल यांची उसळ पोटाला जो धीर देते तो तिसऱ्या पोळीने मिळत नाही. मुलाला चार पोळ्या लागत असतील तर त्याला खुशाल वाढा. त्याचे ताट आणि तुमचे ताट एका स्वयंपाकातून भरता आले पाहिजे. घरात दोन स्वयंपाक सुरू झाले की सहा महिन्यांत त्यांतला एक बंद पडतो आणि तो नेहमी बाईचा असतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

एक नाजूक गोष्ट राहिली. स्वयंपाक करणारी व्यक्ती ताटाबाहेर किती खाते, याची नोंद कोणी ठेवत नाही. मीठ पाहण्यासाठी चमचाभर रस्सा, तळताना तुटलेली चकली, मुलाच्या ताटात उरलेला वरणभात, 'एवढेसे कशाला ठेवायचे' म्हणून संपवलेली भाजी, हे सारे खाणेच आहे. १९९२ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांनी लिहून दिलेला आहार आणि त्यांचा प्रत्यक्ष आहार ताडून पाहिला, तेव्हा नोंद जवळजवळ निम्मीच निघाली. ते खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखर आठवत नव्हते. उरलेल्या अन्नासाठी झाकणाचा डबा आणि फ्रीज आहे. अन्न वाया जाऊ नये ही शिकवण चांगलीच आहे, पण नको असताना पोटात ढकललेले अन्नही वायाच जाते.

राहिली पुरणपोळी. होळीच्या दिवशी ती खावी, तूप घालून खावी, आणि त्या दिवशी कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर घेऊन भात सोडून द्यावा. भात काय, रोजच असतो. पुरणपोळी अर्धी खाऊन वर नेहमीचा भात आणि भजी खाणारे लोक मला कधी समजले नाहीत.

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा तरी ग्राहकांबरोबर हॉटेलात जेवावे लागते, शनिवारी कुटुंबासह बाहेर जेवण असते आणि रविवारी सकाळी मित्रांबरोबर मिसळ ठरलेली आहे. ८६ किलोंवरून ७८ वर आलो होतो. आता प्रत्येक हॉटेलच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलो वर दिसतो आणि मन खट्टू होते. बाहेरचे खाणे पूर्ण बंद करावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बंद करू नका. आठवड्याच्या सात दिवसांत चार वेळा बाहेर जेवणाऱ्या माणसाने ते एकदम बंद केले तर त्याची नोकरी, संसार आणि मैत्री या तिन्हींवर ताण येतो, आणि हॉटेल मात्र तिथेच राहते.

आधी त्या दीड किलोचा उलगडा करते. एका रात्रीत एक किलो चरबी साठवायची तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि ते कोणत्याही एका जेवणात शक्य नाही. हॉटेलच्या पदार्थांत मीठ भरपूर असते आणि ते पाणी धरून ठेवते. शिवाय नान, भात, गोड यांतील पिष्ट पदार्थ शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात, तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. न पचलेल्या अन्नाचेही वजन असतेच. दोन-तीन दिवस घरचे साधे जेवण झाले की हा फुगवटा उतरतो. म्हणून हॉटेलच्या दुसऱ्या सकाळी काट्यावर उभे राहणे हा स्वतःवर अन्याय आहे. आठवड्यातला एकच वार ठरवा, तुमच्या वेळापत्रकात गुरुवार किंवा शुक्रवार बरा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. ७८ वर दोन किलोंपर्यंतची हालचाल चालू द्या. सलग तीन आठवडे ८० च्या वर आकडा आला तर मात्र काणाडोळा करू नका.



ग्राहकांबरोबरच्या जेवणात धोका मुख्य पदार्थांत कमी आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात जास्त असतो. मसाला पापड, तळलेले काजू, चीज घातलेले स्टार्टर आणि गोड लिंबू-सोडा असे होऊन भूक भागलेली असते, आणि मग खरी मागणी सुरू होते. सूप आणि एक तंदूरमधला प्रकार, कोंबडी, मासे, पनीर किंवा मशरूम, यांवर स्टार्टर संपवा. पंजाबी रश्शाची तकाकी लोणी, मलई आणि काजूच्या वाटणातून येते, तेव्हा चार माणसांत तीन भाज्या मागवण्याऐवजी दोन मागवा आणि त्यांतली एक डाळ असू द्या, दाल मखनी नव्हे, तडकेवाली. बटर नानऐवजी साधी तंदुरी रोटी मागितली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मद्य घेत असाल तर त्याचाही हिशेब धरावा लागतो, कारण अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला सात कॅलरी असतात. व्हिस्कीचा तीस मिलिलिटरचा एक पेग सत्तरच्या आसपास जातो, बिअरची ६५० मिलिलिटरची मोठी बाटली पावणेतीनशेच्या पुढे. पण खरे नुकसान चकण्याचे असते, कारण तोपर्यंत हात आपोआप चालू लागलेला असतो.

आणखी एक सोय तुमच्या हाताशी आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांच्या यादीत कॅलरी छापल्या पाहिजेत, असा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम जुलै २०२२ पासून लागू आहे. पिझ्झा-बर्गरच्या साखळी दुकानांत आणि कॉफीच्या दुकानांत हे आकडे एकदा निवांत वाचा. मलई घातलेली थंड कॉफी अनेकदा पूर्ण जेवणाएवढी भरते, हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो.

शनिवारी अमर्यादित थाळीच्या हॉटेलात जाऊ नका, असे मी एरवी कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगते. तिथे 'पैसे वसूल' करण्याची ईर्षा भल्याभल्यांना आवरत नाही. कधी गेलातच तर सगळे पदार्थ एकदम वाढून घेण्याऐवजी घरी जे होत नाही तेवढेच घ्या. जिलेबी किंवा बासुंदी यांपैकी आवडीचे एक पोटभर खा, दोन्ही चाखत बसू नका. कोकणी-मालवणी खाणावळीत तर चिंतेचे कारणच थोडे आहे. माशाचे कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि एक तुकडी रवा लावून तळलेली सुरमई हे चांगले, पोट भरणारे जेवण आहे. कोल्हापुरी हॉटेलात पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजून घ्या, कारण तो पिताना पाण्यासारखा वाटतो आणि त्यात नारळ, काजू, तीळ, खसखस असे बरेच काही असते.

रविवारच्या मिसळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती सोडू नये. मोड आलेल्या मटकीची उसळ हा उत्तम पदार्थ आहे. तो बिघडतो कटावर तरंगणाऱ्या तेलाने आणि डोंगरासारख्या फरसाणाने. कट वेगळ्या वाटीत मागवा, वरची तर्री चमच्याने बाजूला करा, फरसाण निम्मे सांगा, पाव एक किंवा फार तर दोन घ्या, आणि सोबत दही. मग दुपारी 'आज मिसळ झाली आहे' म्हणून उपाशी राहू नका. ताक, कोशिंबीर, एक भाकरी असे हलके जेवा. उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी पाचला बिस्किटांचा पुडा फोडतो.

घरच्या उरलेल्या दहा-बारा जेवणांकडे तुम्ही पत्रात वळूनही पाहिलेले नाही, आणि वजन खरोखर वाढू लागलेच तर त्याचे कारण बहुधा तिथेच सापडेल. कार्यालयात दिवसाला पाच चहा घेता आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर चहातूनच जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, आणि शक्यतो पाच टक्क्यांखाली, ठेवायला सांगितले आहे. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहा कमी गोड केलात तर शनिवारच्या जेवणाची सोय त्यातून परस्पर होते.

प्रश्न : आमच्या घरात दोन पंथ झाले आहेत. यजमान डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीप्रमाणे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवतात. जाऊबाई दर दोन तासांनी थोडेथोडे खातात. दोघांचेही वजन टिकले आहे. बरोबर कोण? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोघेही, आणि त्याचे कारण घड्याळात नसून दिवसाच्या एकूण खाण्यात आहे. दोनदाच जेवणाऱ्या माणसाचे मधले सगळे चहा-बिस्कीट, चिवडा, भजी आपोआप गळतात. दर दोन तासांनी खाणाऱ्या माणसाला कडकडून भूक लागत नाही, म्हणून तो जेवायला बसल्यावर ताटावर तुटून पडत नाही. दोन्ही वाटा खाणे कमी करण्याच्याच आहेत. दोनदा जेवणारा प्रत्येक वेळी दोन वेळचे जेवला, किंवा दर दोन तासांनी खाणाऱ्याच्या हातात प्रत्येक वेळी तळलेले आले, तर दोन्ही फसतात. ज्याला सकाळी लवकर भूक लागते त्याने दुपारपर्यंत कळ काढत बसू नये. यजमानांना मधुमेह असेल आणि साखर उतरवणारी औषधे चालू असतील, तर मात्र जेवणांमधले मोठे अंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नये. घरातला वाद तसाच चालू ठेवायला माझी हरकत नाही.

प्रश्न : मी सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादश्या करते. उपवास असूनही वजन उतरत नाही, उलट वाढते आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण पूर्वजांनी उगीच केलेली नाही. पाऊण वाटीभर, साधारण ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याच्या अडीचशेहून अधिक, तीस ग्रॅम कुटाच्या सुमारे एकशे सत्तर आणि तीन चमचे तुपाच्या सव्वाशेच्या वर कॅलरी जातात. त्यात बटाटा आणि ओले खोबरे. साडेपाचशे-सहाशे कॅलरींची ही बशी खाऊन तीन तासांत पुन्हा भूक लागते, कारण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि त्यात प्रथिने नगण्य असतात. संध्याकाळी बटाट्याचा कीस, वेफर्स आणि रात्री उपवास सोडताना पक्वान्न होते, तेव्हा हा उपवास देवाचा राहिला तरी पोटाचा राहत नाही. महिन्यातले दहा-अकरा दिवस असे जात असतील तर बाकीचे वीस दिवस कितीही सांभाळले तरी पुरत नाहीत.

श्रद्धेला हात न लावताही बदल करता येतो. वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दह्यातली काकडी, लाल भोपळ्याची किंवा रताळ्याची भाजी, ताक, दूध, फळ हे सारे बहुतेक घरांत उपवासाला चालते. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे पोट टिकून राहते. खिचडी महिन्यातून एखाद्या एकादशीला करा आणि त्या दिवशी ती एकदाच खा.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर बाहेर काही खाल्ले की दुसरा पूर्ण दिवस ती जेवत नाही. दिवसातून तीन-चार वेळा वजन करते आणि जेवण झाल्यावर बराच वेळ न्हाणीघरात दार लावून बसते. वजन उंचीच्या मानाने कमीच आहे. तिला जास्त खायला कसे लावू? (एक आई, ठाणे)

उत्तर : हा प्रश्न पाककृतींचा नाही, म्हणून मी पदार्थ सुचवत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणे खाण्याच्या मानसिक विकाराची असू शकतात, आणि तो आजार आहे, हट्ट किंवा शिस्त नव्हे. लवकरात लवकर तिला डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. चक्कर येणे, पाळी बंद होणे, छातीत धडधडणे, उलट्या होणे यांपैकी काही असेल तर थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, तिथे तुम्हीही बोलू शकता. घरात तिच्या शरीराविषयी, मग ते कौतुक का असेना, बोलणे थांबवा. ताटावर पहारा देऊ नका, पण तिच्याबरोबर जेवायला बसा. आणि वजनकाटा काही काळ नजरेआड ठेवण्याबद्दल तज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : साखर पूर्ण बंद करून गूळ आणि मध सुरू केला आहे. आता गोडाची मोजदाद करायची गरज नाही ना? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : आहे. गुळात थोडी खनिजे असतात, पण कॅलरींच्या बाबतीत तो साखरेच्या अगदी शेजारी बसतो, आणि मधही फार दूर नाही. गुळाची चव आवडत असेल तर जरूर वापरा, चमचे मात्र साखरेइतकेच मोजा.

प्रश्न : दिवाळी आणि त्यानंतरची लग्नसराई आली की माझे वर्षभराचे वजन सांभाळणे पाण्यात जाते. फराळ करणे सोडवत नाही आणि पंगतीत आग्रह मोडवत नाही. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सणासुदीच्या वजनाबद्दल एक जुनी पण उपयोगी माहिती आहे. अमेरिकेत नाताळच्या हंगामात १९५ प्रौढांची वजने मोजून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना आपण सुमारे दीड किलोने वाढलो असे वाटत होते, प्रत्यक्षात सरासरी वाढ चारशे ग्रॅमहूनही कमी होती. मात्र ती वाढ पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात उतरली नाही. आपली दिवाळी वेगळी असली तरी धडा लागू पडतो : सणात वाटते तितके वजन वाढत नाही, पण जे वाढते ते जानेवारीपर्यंत उतरवले नाही तर मुक्कामाला येते.

फराळ करायचा तर सगळे प्रकार करा, घाणे कमी करा. डबे भरून ठेवण्याची सवय एकत्र कुटुंबांच्या काळातली आहे. तेव्हा घरात पंधरा माणसे होती, आता चार आहेत. चकली आणि शंकरपाळी भाऊबीजेपर्यंत संपतील इतकीच करावी, भाजक्या पोह्यांचा चिवडा थोडा जास्त चालेल. फराळाचा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवू नये, फडताळात वर ठेवावा. येता-जाता मूठ भरणे बंद करून चहाबरोबर बशीत वाढून घेतले की आपण किती खातो ते डोळ्यांना दिसते. अर्धा तास चालून मध्यम वजनाच्या माणसाच्या साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे फार तर एक बेसनाचा लाडू. तेव्हा 'नंतर चालून भरून काढू' या बोलीवर दुसरा लाडू उचलू नका. चालणे सोडू मात्र नका. १९९४ पासून अमेरिकेत, किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते, आणि त्यांतले बहुसंख्य लोक रोज सरासरी तासभर हालचाल करतात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात.

पंगतीतल्या आग्रहावर माझ्या आजीचा उपाय अजून चालतो. पहिले वाढप निम्मेच घ्यायचे : भात मुदीच्या ऐवजी चमचाभर, जिलेबी एक, मसालेभात दोन घास. मग यजमान आग्रहाला आले की ताटावर हात आडवा न धरता हसून थोडे वाढून घ्यायचे. त्यांचा मान राहतो, तुमच्या पोटात जायचे तेवढेच जाते, आणि शेवटी मठ्ठ्याची वाटी मागितली की वाढपी पुढच्या पानाकडे वळतो.